रोजचे पाचशे टन: स्टालिनग्राडच्या वेढ्यात जनरल पाउलुसचं काय चुकलं

दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना एका प्रश्नापाशी बहुतेक वाचक अडतात. नोव्हेंबर १९४२मध्ये जर्मनीची सहावी आर्मी स्टालिनग्राडजवळ वेढ्यात सापडली. अडीच ते तीन लाख माणसं होती. रणगाडे होते, तोफा होत्या, पोलंड-फ्रान्सपासून लढत आलेले अधिकारी होते. मग एवढी मोठी फौज वेढा फोडून बाहेर का पडली नाही? "हिटलरने परवानगी दिली नाही" हे ठरलेलं उत्तर आहे. ते खरं आहे, पण त्याने पुरतं समाधान होत नाही. परवानगी न मिळण्याआधी आणि नंतर बरंच काही घडत होतं. ते समजायला दोन गोष्टी लागतात: रसदीचं गणित आणि फ्रीडरिश पाउलुस या सेनापतीची कारकीर्द. या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की वेगळ्या काढून सांगता येत नाहीत.

'आर्मी' म्हणजे केवढी?

आपण 'आर्मी' म्हणतो तेव्हा देशाचं अख्खं लष्कर डोळ्यांपुढे येतं. इथे अर्थ वेगळा आहे. जर्मन रचनेत दहा-पंधरा हजार सैनिकांची एक डिव्हिजन, काही डिव्हिजन मिळून एक कोअर आणि काही कोअर मिळून एक आर्मी. वेढा पडला तेव्हा सहाव्या आर्मीच्या हाताखाली पाच कोअर होत्या. एकूण वीसच्या आसपास जर्मन आणि मित्रदेश रुमानियाच्या दोन डिव्हिजन आत अडकल्या.

एवढ्या माणसांचा सेनापती बंदूक घेऊन लढत नाही. एक मध्यम आकाराचं शहर चालवावं तसं त्याचं काम असतं. कुठल्या रस्त्याने किती ट्रक जाणार, कुणाला किती तोफगोळे, जखमींना कुठल्या रेल्वेने मागे न्यायचं, हे रोजच्या रोज ठरवावं लागतं. हे सगळं मांडून देणारा मुख्य अधिकारी म्हणजे चीफ ऑफ स्टाफ. सेनापती निर्णय घेतो आणि चीफ ऑफ स्टाफ त्या निर्णयाला पाय देतो. मोठ्या लग्नघरात हजार पानांचा शिधा अचूक काढणारा माणूस एक असतो आणि ऐनवेळी वादळ आलं तर "मांडव हलवा" म्हणणारा दुसरा. पहिल्याचं काम कमी मोलाचं नाही. पण ते दुसऱ्याच्या कामाची तयारी करून देत नाही.

टेबलामागची वर्षं

पाउलुसचा जन्म २३ सप्टेंबर १८९०चा, जर्मनीतल्या हेसेन भागातला. वडील एका सुधारगृहात हिशेबनीस होते. अनेक पुस्तकांत त्याच्या नावामागे 'फॉन' हा सरदारकीचा शब्द लागलेला दिसतो. तो चुकीचा आहे. हे घराणं सरदारांचं नव्हतं. तरुणपणी त्याला नौदलात जायचं होतं, पण तिथे त्याला घेतलं नाही. काही काळ कायद्याचा अभ्यास करून १९१०मध्ये तो पायदळात दाखल झाला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या लष्करावर एक लाख माणसांची मर्यादा घातली आणि अधिकारी फक्त चार हजार ठेवायची मुभा दिली. त्या चार हजारांत पाउलुस टिकला, यावरून वरिष्ठांचं त्याच्याबद्दलचं मत कळतं. त्या काळात तो एका रेजिमेंटमध्ये कंपनी कमांडर होता. पुढे आफ्रिकेच्या लढाईत गाजलेला रोमेलही त्याच रेजिमेंटमधला. त्यानंतर मात्र त्याची कारकीर्द जवळजवळ सगळी नकाशे, तक्ते आणि अहवाल यांत गेली. मधे १९३४-३५मध्ये त्याने मोटारवाहनांच्या एका तुकडीचं नेतृत्व केलं, तेवढाच अपवाद. १९३९मध्ये तो जनरल रायशेनाऊच्या आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ झाला. हीच आर्मी पुढे 'सहावी' म्हणून ओळखली गेली. रायशेनाऊ रांगडा, धडाक्याने निर्णय घेणारा, कागदांचा कंटाळा असलेला. पाउलुस नीटनेटका, शांत, रात्री जागून काम करणारा. ही जोडी पोलंड, बेल्जियम आणि फ्रान्समध्ये चांगली चालली.

सप्टेंबर १९४०मध्ये त्याला बर्लिनच्या बाजूला मुख्यालयात आणलं गेलं, भूदलाचा चीफ ऑफ स्टाफ जनरल हाल्डर याचा उपप्रमुख म्हणून. सोव्हिएत संघावरच्या स्वारीचा आराखडा तपासण्याचं काम त्याच्याकडे आलं. डिसेंबर १९४०च्या सुमारास त्याने नकाशावर त्या स्वारीची तालीम घेतली. सैन्य जेमतेम पुरेल आणि जसजसं आत जाऊ तसतशी रसद ताणली जाईल, हे त्यातून दिसत होतं. त्याने ते वर कळवलं आणि आराखड्याचं काम पुढे चालू ठेवलं.

एप्रिल १९४१मध्ये हाल्डरने त्याला आफ्रिकेत तोब्रुकला पाठवलं, रोमेल काय करतोय ते पाहायला. तिथूनही त्याचा निष्कर्ष तोच होता: खरी अडचण पुरवठ्याची आहे.

ही दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत. रसदीच्या बाबतीत हा माणूस सहसा चुकत नसे. त्याचं गणित वर जायचं, वरचे लोक ते बाजूला ठेवायचे आणि तो पुढच्या कामाला लागायचा.

जानेवारी १९४२मध्ये रायशेनाऊच्या शिफारशीने पाउलुस सहाव्या आर्मीचा सेनापती झाला. तोपर्यंत त्याने युद्धात एकही रेजिमेंट, डिव्हिजन वा कोअर चालवलेली नव्हती. रायशेनाऊ त्याच महिन्यात वारला, त्यामुळे मागे आधाराला जुना वरिष्ठही उरला नाही. या आर्मीचे हात आधीच रक्ताने माखलेले होते, हेही इथेच सांगायला हवं. सप्टेंबर १९४१मध्ये कीवजवळच्या बाबी यार घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना मारलं गेलं, ते याच आर्मीच्या ताब्यातल्या प्रदेशात आणि तिच्या सहकार्याने. पाउलुस तेव्हा तिचा सेनापती नव्हता. पण ज्या स्वारीमुळे ते घडलं तिच्या आराखड्यावर त्याचा हात फिरला होता.

१९ नोव्हेंबरला काय तुटलं

मे १९४२मध्ये खारकीवजवळ पाउलुसने मोठा विजय मिळवला. २३ ऑगस्टला त्याचे रणगाडे स्टालिनग्राडच्या उत्तरेला व्होल्गाकाठी पोहोचले आणि सप्टेंबरपासून शहरात घराघरातली लढाई सुरू झाली. त्यात त्याच्या चांगल्या डिव्हिजन झिजत गेल्या. डाव्या-उजव्या बगलांवर रुमानियन आर्मी उभ्या होत्या. त्यांच्याकडे रणगाडाविरोधी तोफा बहुतेक ३७ मिलिमीटरच्या. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या चिलखतावरून तो गोळा घसरून जायचा. शिवाय डॉन नदीच्या अलीकडच्या काठावर सेराफिमोविच आणि क्लेत्स्कायापाशी सोव्हिएत सैन्याने पाय रोवलेले होते, आणि जर्मनांनी त्यांना तिथून हुसकलं नव्हतं.

१९ नोव्हेंबरला वायव्येकडून आणि २० नोव्हेंबरला दक्षिणेकडून सोव्हिएत हल्ला आला. दोन्ही रुमानियन आघाड्या फुटल्या. मागे राखीव ठेवलेल्या जर्मन डिव्हिजनचे कित्येक रणगाडे सुरूच होईनात. थंडीपासून बचावासाठी ते गवताखाली ठेवले होते आणि उंदरांनी विजेच्या तारा कुरतडल्या होत्या. २३ नोव्हेंबरला दोन्ही सोव्हिएत फळ्या कलाचजवळ मिळाल्या. वेढा पुरा होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पाउलुस स्वतः त्याच्या बाहेर होता. २२ तारखेला तो विमानाने आत गेला.

आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. चारा वाचवण्यासाठी सहाव्या आर्मीने आपले बहुतेक घोडे हिवाळ्याआधी पश्चिमेला पाठवून दिले होते. जर्मन लष्कर म्हणजे रणगाडे अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पायदळाच्या तोफा घोडेच ओढायचे. घोडे गेले तेव्हाच तोफा जिथल्या तिथे खिळल्या होत्या.

पाचशे टनांचं गणित

हिटलरने हुकूम दिला की जागा सोडायची नाही, रसद विमानाने येईल. सहाव्या आर्मीने पहिल्यांदा रोज ७५० टन मागितले. मग आकडा ५००वर आला. हवाई दलाचा प्रमुख ग्योरिंगने तेवढे देऊ असं सांगितलं. त्याच्याच हाताखालचे प्रत्यक्ष काम करणारे अधिकारी, रिश्टहोफेन, फीबिश, पिकेर्ट, हे जमणार नाही म्हणत होते.

का जमणार नव्हतं, ते आपणही पडताळून पाहू शकतो. युंकर्स-५२ हे मालवाहू विमान साधारण दोन टन माल नेतं. ५०० टनांसाठी रोज २५० फेऱ्या. डिसेंबरात त्या भागात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. म्हणजे दर दोन मिनिटांना एक विमान उतरायला हवं, रिकामं व्हायला हवं, जखमींना घेऊन उडायला हवं. वेढ्यात बरी सोय असलेली धावपट्टी मुख्यतः एकच, पितोम्निकची.

आता विमानं किती लागतील? एसटीच्या आगारात शंभर गाड्या असल्या तरी सकाळी रस्त्यावर शंभर निघत नाहीत. काही दुरुस्तीला, काही सुट्या भागांची वाट पाहत उभ्या. उणे २०-३० अंश तापमानात इंजिनाचं तेल गोठतं, चाकांचे टायर ठिसूळ होतात, यांत्रिकाची बोटं धातूला चिकटतात. अशा हिवाळ्यात उडण्याजोगी विमानं कित्येकदा एकूणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच असायची. म्हणजे २५० फेऱ्यांसाठी ताफा सातशेच्या वर हवा. त्याच महिन्यात, ८ नोव्हेंबरला, ब्रिटिश-अमेरिकन सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं होतं आणि बरीच मालवाहू विमानं ट्युनिशियाला गुंतली होती. कमतरता भरायला हाइंकेल-१११ ही बॉम्बफेकी विमानं लावली. पण त्यांच्या पोटातली जागा बॉम्बच्या मापाची. मोठी खोकी त्यात मावत नसत.

हवामान दोन्ही टोकांना एकाच वेळी साफ असायला हवं, हीसुद्धा अट होतीच. निघायच्या तळावर ऊन आणि उतरायच्या जागी धुकं, असं वारंवार व्हायचं. पंखांवर बर्फ चढायचा. वाटेवर सोव्हिएत विमानविरोधी तोफांची रांग उभी राहिली. २४ डिसेंबरला तर सोव्हिएत रणगाडे थेट तात्सिन्स्कायाच्या विमानतळावर घुसले, जिथून ही मालवाहू विमानं निघत.

शेवटी हिशेब काय निघाला? सुमारे ७२ दिवसांत ८,३५० टनांच्या आसपास, म्हणजे रोज सरासरी ११६ टन. यात पेट्रोल आलं, दारूगोळा आला, अन्न आलं. अडीच लाख माणसांना माणशी फक्त ६०० ग्रॅम धरलं तरी निव्वळ अन्नच १५० टन होतं. विमानं गेली पाचशेच्या घरात.

डिसेंबरात पावाचा वाटा माणशी २०० ग्रॅमवर आला आणि जानेवारीत १००च्या खाली. उरलेसुरले घोडे खाल्ले गेले. अंगावर जखम नसलेले सैनिक पहाऱ्यावर कोसळून मरू लागले, तेव्हा कारण शोधायला एका विकृतिशास्त्रज्ञाला विमानाने आत पाठवलं. गोठलेली प्रेतं वितळवून त्याने शवविच्छेदन केलं. शरीरातली चरबी संपलेली होती, निष्कर्ष उपासमार. वेढ्यात जर्मनांच्या ताब्यात सोव्हिएत युद्धकैदीही होते. त्यांचं अन्न सगळ्यांत आधी बंद झालं.

"पण देम्यान्स्कला तर जमलं होतं"

हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि त्यानेच घात केला. १९४२च्या सुरुवातीला देम्यान्स्कजवळ सुमारे एक लाख जर्मन सैनिक वेढ्यात होते आणि त्यांना कित्येक महिने विमानांनी जगवलं गेलं. पण तिथे गरज होती रोज ३०० टनांच्या आसपास, माणसं तिसऱ्या हिश्श्याइतकी, अंतर कमी, आणि सोव्हिएत हवाई दल तेव्हा बरंच दुबळं होतं. एकदा जमलेली गोष्ट दुप्पट-तिप्पट मोठी करून पुन्हा जमेल, असं वरिष्ठांनी मानलं. घरच्या हंड्याने अंगणातला पिंप भरता येतो, म्हणून त्याच हंड्याने गावची टाकी भरायला निघण्यासारखं ते होतं.

मग हुकूम मोडून बाहेर का नाही पडला?

पानिपतावर रसद तुटल्यावर भाऊसाहेब १४ जानेवारी १७६१ला छावणीतून बाहेर पडून भिडले. ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला पाउलुसचं बसून राहणं जास्तच खटकतं. इथे तारखा बघाव्या लागतात, कारण बाहेर पडण्याची शक्यता रोज कमी होत होती.

२३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाउलुसने हिटलरला संदेश पाठवला: दारूगोळा आणि इंधन संपत आलंय, पाचही कोअर कमांडर माझ्याशी सहमत आहेत, मला निर्णयाचं स्वातंत्र्य द्या. दुसऱ्या दिवशी नकार आला. त्याच्याच हाताखालचा जनरल झायडलित्स म्हणाला, हुकूम मोडा. हा झायडलित्स हवेत बोलत नव्हता. त्याने आपली एक डिव्हिजन उत्तरेकडून आधीच मागे घ्यायला सुरुवात केली होती. त्या माघारीत, खंदकांबाहेर उघड्यावर, ९४व्या डिव्हिजनचा सोव्हिएत सैन्याने चुराडा केला. उघड्या स्टेपमध्ये, म्हणजे झाडं नसलेल्या सपाट गवताळ प्रदेशात, माघार म्हणजे काय याचा तो नमुना सगळ्यांसमोर होता.

तरीही माझ्या मते नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा हीच खरी वेळ होती. इंधन थोडं होतं, पण होतं. सैनिक पोटभर नसले तरी उपाशी नव्हते. वेढा अजून घट्ट झालेला नव्हता. जड तोफा आणि बरेच जखमी मागे सोडावे लागले असते, आणि माणसं हजारोंनी पडली असती. पण आर्मी म्हणून काही भाग वाचला असता. हा हिशेब पाउलुसला कळत होता, कारण २३ तारखेचा संदेश त्याचाच होता.

डिसेंबरात चित्र पालटलं. १२ डिसेंबरला जर्मन जनरल होथच्या रणगाड्यांनी बाहेरून वेढ्याकडे मुसंडी मारली आणि १९ तारखेला ते मिश्कोवा नदीवर, वेढ्यापासून सुमारे ४८ किलोमीटरवर आले. पाउलुसकडे चालू स्थितीतले साठ-सत्तर रणगाडे आणि तीसेक किलोमीटर पुरेल एवढं पेट्रोल. मधल्या अठरा किलोमीटरचं काय? वरच्या सेनापतीने, मान्श्टाइनने, बाहेर पडण्याच्या बेताला 'विजेचा कडकडाट' असं सांकेतिक नाव दिलं होतं, पण तो सुरू करा असा सरळ हुकूम दिला नाही. हिटलर परवानगी देईना. पाउलुस हुकुमाची वाट पाहत राहिला. तिघांनीही जबाबदारी एकमेकांकडे सरकवली आणि चार-पाच दिवसांत होथला मागे वळावं लागलं.

इथे त्याची कारकीर्द समोर उभी राहते. स्टाफ अधिकारी म्हणून त्याला शिकवलेलं होतं की आपल्याला आघाडीचा एकच तुकडा दिसतो, पूर्ण चित्र वर असतं. टेबलामागे हा नम्रपणा गुण ठरतो. अडीच लाख माणसांच्या मधोमध उभं राहिल्यावर त्याच गुणाने त्याला बांधून टाकलं. त्याचा चीफ ऑफ स्टाफ आर्टूर श्मिट हा त्याच्याहून हट्टी, जागा धरून ठेवण्याच्या बाजूचा. म्हणजे रायशेनाऊच्या वेळची जोडी इथे उलटी झाली होती: धडाडी खाली आणि सावधपणा वर.

थंडीने हरवलं का?

थंडी दोन्ही बाजूंना तेवढीच होती. डिसेंबरच्या मध्याला व्होल्गा गोठली तेव्हा सोव्हिएत बाजूचा फायदाच झाला. तोपर्यंत बर्फाच्या तरंगत्या तुकड्यांमधून होड्या न्याव्या लागत होत्या. आता बर्फावरून ट्रक येऊ लागले. जर्मनांना थंडी जास्त बाधली कारण पोट रिकामं होतं, आणि नव्या पश्चिम आघाडीवर, उघड्या स्टेपमध्ये, जाळायला किंवा खंदकावर टाकायला लाकूडच नव्हतं.

पण वेढ्यामुळे सोव्हिएत सैन्य अडकून पडलं, त्याचं काय?

या म्हणण्यात तथ्य आहे. वेढ्याभोवती सात सोव्हिएत आर्मी गुंतल्या होत्या आणि त्या काळात कॉकेशसमधलं जर्मन सैन्य रोस्तोव्हमार्गे मागे येऊ शकलं. पण याने ८ जानेवारीला शरणागतीचा प्रस्ताव नाकारल्याचं काही प्रमाणात समर्थन होतं, सगळ्याचं नाही. १६ जानेवारीला पितोम्निक गेलं. काही दिवसांत गुमराकची धावपट्टीही गेली. त्यानंतर विमानातून टाकलेल्या पेट्या बर्फात हरवायच्या, आणि शोधून आणायला पेट्रोल नव्हतं. २२ जानेवारीला पाउलुसने शरण जाण्याची परवानगी मागितली, नकार मिळाला, आणि पुढचे नऊ दिवस तसेच गेले. त्या नऊ दिवसांत मेलेल्या माणसांमुळे कुठलीही आघाडी वाचली नाही. तिथे तरी त्याने स्वतः ठरवायला हवं होतं, आणि ते न ठरवणं अक्षम्य आहे असं मला वाटतं.

फील्ड मार्शलपद

३० जानेवारी १९४३ला, नाझी सत्तेला दहा वर्षं झाली त्या दिवशी, हिटलरने पाउलुसला फील्ड मार्शल केलं. तोवर एकही जर्मन फील्ड मार्शल जिवंत शत्रूच्या हाती लागलेला नव्हता. बढतीचा अर्थ उघड होता: स्वतःला संपव. पाउलुसने ते केलं नाही. ३१ तारखेला शहराच्या मध्यवर्ती चौकातल्या उनिवेरमाग या दुकानाच्या तळघरात तो कैद झाला. बोलणी श्मिटनेच केली. उत्तरेकडचा तुकडा २ फेब्रुवारीला शरण आला.

कैदेत असताना तो बराच काळ गप्प होता. जुलै १९४४मध्ये हिटलरवरचा हल्ला फसला आणि ऑगस्टमध्ये फील्ड मार्शल वित्सलेबेनला फाशी दिलं गेलं. त्यानंतर पाउलुसने हिटलरविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. जर्मनीत त्याच्या कुटुंबाला अटक झाली. एक मुलगा त्याआधीच इटलीत अँझियोला मारला गेला होता. पत्नी एलेना १९४९मध्ये वारली. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. फेब्रुवारी १९४६मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याने सरकारपक्षातर्फे साक्ष दिली आणि सोव्हिएत संघावरची स्वारी आधीपासून योजलेली होती हे सांगितलं. तो सांगू शकत होता, कारण नकाशावरची ती तालीम त्यानेच घेतली होती. १९५३मध्ये सुटून तो पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये राहिला आणि १ फेब्रुवारी १९५७ला तिथेच वारला.

त्याच्याबरोबर सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले होते. त्यांतले पाच-सहा हजार घरी परतले, शेवटचे १९५५-५६च्या सुमारास. बाकीच्यांपैकी बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच कैदी छावण्यांत, टायफस आणि जुलाबाने गेले. छावण्यांत हाल होतेच. पण तिथे पोहोचलेल्या माणसांच्या अंगात आजाराशी झुंजायला काही उरलेलंच नव्हतं, आणि ते त्या विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर डिसेंबरातच दिसलं होतं.